भित्रा वाघ्या आणि पावलॉव्हचे कुत्रे

‘भुंकणारे कुत्रे चावत नाही’ ही म्हण ज्याने प्रथम रूढ केली, त्या गृहस्थाला एकदा आमच्या घरी चहाला बोलवावे असे मला फार दिवस वाटत आले आहे. आमचा वाघ्या भुंकत असे आणि चावतही असे. गॅसचे सिलिंडर आणून देणाऱ्या मामांची पोटरी त्याने एकदा धरली होती. शेजारच्या काकूंच्या साडीचा काठ फाडला होता. रस्त्याने जाणारा दुसरा कोणताही कुत्रा दिसला, की साखळीच्या टोकाशी मागच्या दोन पायांवर उभा राहून तो असा आकांत मांडी, की येणारे-जाणारे माझ्याकडेच रागाने पाहत बाजूला होत. आमचे कुलदैवत खंडोबा, म्हणून आजोबांनी त्याचे नाव वाघ्या ठेवले होते. या वाघ्याच्या सगळ्या पराक्रमाचे मूळ शौर्यात नसून भीतीत आहे, हे कळायला आम्हांला दीड वर्ष लागले. तोपर्यंत आम्ही जे जे उपाय केले, ते जवळजवळ सगळे उलटे होते.

दीड वर्षाच्या अखेरीस गोष्ट निर्वाणीवर आली. काकूंचा सात वर्षांचा नातू सुट्टीसाठी आला होता. चेंडू आमच्या अंगणात पडला म्हणून तो फाटक उघडून आत आला, आणि वाघ्याने त्याच्या हाताला दात लावले. जखम खोल नव्हती. हात साबण लावून वाहत्या नळाखाली चांगला पंधरा मिनिटे धुतला, लगेच दवाखान्यात नेऊन लस सुरू केली. वाघ्यालाही रेबीजची लस वेळच्या वेळी दिलेली होती. तरी त्या रात्री घरात कोणाला जेवण गेले नाही. बाबा म्हणाले, “उद्या टेम्पोत घालून घाटापलीकडे सोडून येतो.” आई काहीच बोलली नाही. आजोबा म्हणाले, “सोडलास तर आठ दिवस जगायचा नाही. आणि जगला तर दुसऱ्या कोणाच्या पोराला चावेल.” दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. (उपासमार होईल अशा स्थितीत जनावर सोडून देणे हा प्राण्यांच्या छळास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्याप्रमाणे गुन्हाही आहे, पण हे आम्हांला तेव्हा ठाऊक नव्हते.) बऱ्याच वादानंतर वाघ्याला सहा महिन्यांची मुदत मिळाली, आणि त्याची जबाबदारी माझ्यावर आली.

मी तेव्हा प्रथम वर्ष कलेला होते आणि मानसशास्त्र हा विषय नुकताच घेतला होता. पाठ्यपुस्तकात कुत्रे पुष्कळ भेटतात. पावलॉव्हचा कुत्रा तर परीक्षेला हमखास येतो. त्याच्या तोंडाला सुटलेले पाणी, आकृती, बाण, ‘उद्दीपक’ आणि ‘प्रतिक्रिया’ हे सगळे मी घोकले होते. त्याचा फाटकाशी थयथयाट करणाऱ्या आमच्या कुत्र्याशी काही संबंध असेल, हे मात्र डोक्यात आले नव्हते. तो संबंध कसा आहे, तेच या लेखात सांगायचे आहे. वाचकांपैकी अनेकांच्या घरी, वाड्यात किंवा सोसायटीत असा एखादा वाघ्या असेलच.

भ्यालेल्या जनावराला तीनच वाटा असतात. पळून जाणे, जागच्या जागी थिजून जाणे, किंवा अंगावर जाणे. बहुतेक कुत्री पहिली वाट घेतात. पण आपण त्याला साखळी बांधली, की ही पहिली वाट बंद होते. म्हणून रस्त्यावर मोकळेपणी एकमेकांना टाळून जाणारी दोन कुत्री साखळीत असली की गुरगुरू लागतात. मग तिसरी वाट उरते. आरडाओरडा करायचा, म्हणजे समोरचा निघून जाईल. आणि गंमत अशी की, तो खरोखरच निघून जातो! कुरिअरवाला पाकीट देऊन जातोच, दूधवाला दूध घालून जातोच, रस्त्यावरचा कुत्रा आपल्या वाटेने पुढे जातोच. त्यांना जायचेच होते. वाघ्याच्या हिशेबी मात्र, ‘मी भुंकलो म्हणून संकट टळले.’ रोज पाच वेळा असे झाले तर वर्षात किती वेळा त्याची खात्री पटली, याचा हिशेब ज्याचा त्याने करावा. घराची राखण म्हणून आपण ज्याचे कौतुक करतो, त्यातले बरेचसे असे असते.

ही भीती येते कोठून? आमच्याकडे येणारा प्रत्येक जण सांगे, “लहानपणी कोणीतरी मारले असणार.” मारलेही असेल. पण तसे काही घडले नसतानाही कुत्रा भित्रा निपजू शकतो. अमेरिकेत मेन राज्यातील बार हार्बर येथे जॅक्सन प्रयोगशाळेत स्कॉट आणि फुलर या दोन शास्त्रज्ञांनी कुत्र्यांच्या वाढीचा अनेक वर्षे अभ्यास केला. १९६५ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथात एक महत्त्वाची गोष्ट सांगितली आहे. साधारण तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यापर्यंत पिल्लाच्या मनाचे दार उघडे असते. त्या काळात जी माणसे, जे प्राणी, जे आवाज त्याच्या ओळखीचे होतात, ते पुढे जन्मभर ‘आपले’ राहतात. तेथील प्रयोगांपैकी एक १९६१ साली प्रसिद्ध झाला. त्यात काही पिल्ले उंच कुंपणाच्या आत, माणसांपासून दूर वाढवली होती. वेगवेगळ्या वयाच्या पिल्लांना एक एक आठवडा बाहेर काढून माणसांत ठेवले. काहींना मात्र चौदाव्या आठवड्यापर्यंत माणूस भेटलाच नाही. ही शेवटची पिल्ले पुढे रानातल्या जनावरासारखी वागली. कोणी त्यांना मारले नव्हते, उपाशी ठेवले नव्हते. त्यांनी माणूस पाहिला नव्हता, एवढेच.

वाघ्या आमच्याकडे आला तो मार्केट यार्डामागच्या एका पडक्या गोदामातून, अंदाजे चार महिन्यांचा असताना. म्हणजे ते दार लागून गेल्यानंतर. त्यात आईबापांचा स्वभावही पिल्लात उतरतो. एकाच वेतातले एक पिल्लू पुढे येऊन बोटे चाटते आणि दुसरे पोत्यामागे दडते, हे कोणीही पाहिले असेल. आम्ही पोत्यामागे दडलेले उचलले होते, कारण त्याची दया आली!

आता आमच्या उलट्या उपायांविषयी. पहिला उपाय अर्थातच वर्तमानपत्राची गुंडाळी. भुंकला की एक फटका. दुसरा उपाय एका ओळखीच्या तरुणाने सुचवला. गळ्यात आवळणारी साखळी घालायची आणि कुत्रा भुंकला की हिसका द्यायचा, कारण “तुम्ही त्याचे मालक आहात हे त्याला कळले पाहिजे.” फटके आणि हिसके यांनी वाघ्या पंधरा दिवसांत गप्प झाला. घरात आनंदीआनंद झाला. पण त्याच दिवसांत तो कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून बसू लागला, हे आम्ही पाहिले नाही. आणखी एक गोष्ट झाली. पूर्वी तो आधी गुरगुरे, मग भुंके, मग अंगावर जाई. आता गुरगुरण्यालाच मार बसल्यामुळे त्याने गुरगुरणे सोडले. काकूंच्या नातवाला चावला तेव्हा त्याने आवाजही केला नव्हता. गुरगुरणे ही कुत्र्याने दिलेली नोटीस असते. ती बंद केली आम्ही, आणि भोगली त्या मुलाने.

या गप्प होण्याचे स्पष्टीकरण मला पुढे द्वितीय वर्षाला मिळाले. १९६७ साली सेलिग्मन आणि मायर यांनी पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात कुत्र्यांवर विजेच्या धक्क्यांचे प्रयोग केले. (आज असे प्रयोग वाचतानाही अंगावर काटा येतो.) काही कुत्र्यांना डोक्याने एक पाटी दाबली की धक्का थांबवता येत असे. दुसऱ्या गटाला तेवढेच धक्के बसत, पण काहीही केले तरी ते थांबवता येत नसत. नंतर दोन्ही गटांना अशा पेटीत ठेवले, की मधली बुटकी भिंत ओलांडली म्हणजे सुटका. पहिला गट पटकन उडी मारायला शिकला. दुसऱ्या गटातले बहुतेक कुत्रे जागीच पडून, कण्हत धक्के सोसत राहिले. बाहेरून पाहणाऱ्याला ते ‘शांत’ दिसले असते. पुढच्या वर्षीच्या प्रयोगात अशा कुत्र्यांना दोरीने ओढून पुन्हा पुन्हा भिंतीपलीकडे न्यावे लागले, तेव्हा कोठे ते स्वतःहून जाऊ लागले. आमचा वाघ्या जो गप्प झाला तो सुधारला म्हणून की हरला म्हणून, याचा निकाल मला त्या पानांवर मिळाला.

‘मालक कोण ते दाखवा’ या मताचा उगम कुत्र्यांत नसून लांडग्यांत आहे. १९४७ साली शेंकेल नावाच्या संशोधकाने पिंजऱ्यात एकत्र ठेवलेल्या लांडग्यांचे निरीक्षण करून, त्यांच्यात वरचढपणासाठी सतत झुंज चालते असे लिहिले. त्यावरून लोकांनी ठरवले की, कुत्रा हाही घरातल्या माणसांवर सत्ता गाजवू पाहतो. पण रानातला लांडग्यांचा कळप म्हणजे बहुधा आई, बाप आणि त्यांची पोरे एवढाच संसार असतो, असे डेव्हिड मेक यांनी रानात वर्षानुवर्षे पाहून १९९९ साली मांडले. तुरुंगात कोंडलेल्या परक्या माणसांवरून कुटुंबव्यवस्थेचे नियम काढावेत, तसा तो प्रकार झाला होता. आणि माझ्याकडे पाठ करून थरथरणारा वाघ्या सत्ता वगैरे गाजवत नव्हता, हे सांगायला लांडग्यांचीही गरज नव्हती.

आता पावलॉव्हकडे वळू. पाठ्यपुस्तकात न येणारी एक हकीकत त्यांच्या १९२७ साली इंग्रजीत आलेल्या व्याख्यानांत आहे. १९२४ च्या सप्टेंबरात लेनिनग्राड शहरात नेवा नदीला मोठा पूर आला. प्रयोगाचे कुत्रे ज्या घरांत ठेवले होते, तेथे पाणी शिरले. वादळात, पाण्यातून पोहवत त्यांना प्रयोगशाळेच्या इमारतीत आणावे लागले. सगळे वाचले. पण त्यानंतर काही कुत्र्यांचे महिनोन्‌महिने शिकवलेले धडे पार पुसले गेले. एका भित्र्या स्वभावाच्या कुत्र्याच्या बाबतीत असे आढळले, की प्रयोग करणारा माणूस त्याच्याजवळ खोलीत थांबला तर ते धडे परत दिसू लागत. तो गेला की पुन्हा गोंधळ. पुढे पुष्कळ दिवसांनी हा कुत्रा बराच सावरला असता, दाराखालून हळूच पाण्याचा एक ओघळ आत सोडण्यात आला. तेवढ्याने त्याची अवस्था पुन्हा पुरानंतरसारखी झाली.

ही हकीकत वाचली तेव्हा मला पहिल्यांदा नीट उमगले, की भ्यालेला कुत्रा ‘ऐकत नाही’ म्हणजे काय होते. घरात ‘बस’ म्हटल्यावर बसणारा वाघ्या रस्त्यावर माझा आवाजही ऐकल्यासारखा दिसत नसे. मी त्याला हट्टी समजत होते. त्या क्षणी त्याला काही येतच नव्हते, जसे पुरानंतर त्या कुत्र्यांना येत नव्हते. परीक्षेच्या दालनात पाठ केलेले उत्तर पुसून गेल्याचा अनुभव आपल्यापैकी बहुतेकांना आहे. त्या वेळी कोणी पाठीत रट्टा घातला तर उत्तर आठवत नाही.

मग करायचे काय? त्याचे उत्तर कुत्र्यावरच्या प्रयोगात नसून एका लहान मुलाच्या गोष्टीत सापडले. १९२४ सालीच मेरी कव्हर जोन्स या बाईंनी पीटर नावाच्या सुमारे तीन वर्षांच्या मुलावर केलेला उपचार प्रसिद्ध केला. पीटरला सशाची विलक्षण भीती वाटे. बाईंनी त्याला खुर्चीवर बसवून आवडीचे खायला दिले, आणि ससा पिंजऱ्यात घालून खोलीत इतक्या दूर ठेवला, की पीटरचे खाणे थांबू नये. दर वेळी पिंजरा थोडा जवळ. शेवटी पीटर सशाला कुरवाळू लागला. मध्यंतरी एक विघ्न आले. पीटर तापाने आजारी पडून इस्पितळात गेला. तेथून परतताना एक मोठा कुत्रा त्याच्या अंगावर आला, आणि त्याची भीती परत आली. बाईंनी पुन्हा दुरून सुरुवात केली. कुत्र्यांच्या भीतीवर आज जगभर जो उपाय वापरतात, त्याचे बीज हेच आहे. पीटरच्या जागी वाघ्याला बसवायचे आणि सशाच्या जागी रस्त्यावरचा कुत्रा ठेवायचा.

ऐकायला सोपे आहे. करताना माझ्या तीन चुका झाल्या, त्या सांगते, म्हणजे दुसऱ्यांच्या वाचतील.

पहिली चूक अंतराची. माझ्या एका वर्गमैत्रिणीकडे लॅब्रेडोर जातीची म्हातारी, अत्यंत संथ कुत्री आहे. पहाटे शाळेच्या मोकळ्या मैदानावर ती मैत्रीण आपली कुत्री घेऊन एका टोकाला उभी राही, मी वाघ्याला घेऊन दुसऱ्या टोकाला. पहिल्या दिवशी मी उत्साहाने तीस पावलांपर्यंत गेले आणि पूर्वीचाच तमाशा झाला. मग ध्यानात आले, की ‘भुंकला नाही’ एवढी खूण पुरत नाही. त्याच्या फार आधी कान ताठ होतात, तोंड मिटते, शरीर लाकडासारखे होते. आणि सर्वांत भरवशाची खूण म्हणजे खाणे. वाघ्याने एरवी ज्यासाठी जीव टाकला असता असा उकडलेल्या कोंबडीचा तुकडा नाकाशी असूनही त्याने तोंड फिरवले, की समजावे, आपण फार जवळ आलो. आमचे खरे अंतर निघाले सत्तर पावले. तेथे तो कुत्रीला पाही, आणि खाईही.

दुसरी चूक क्रमाची, आणि ती मला पावलॉव्ह पाठ असूनही झाली याची लाज वाटते. (आमच्या घरी सोमवार, गुरुवार आणि शनिवार या दिवशी मांसाहार नाही, म्हणून त्या दिवशी पनीर.) दुरून कुत्रा येताना दिसला की वाघ्याचे लक्ष जाऊ नये म्हणून मी घाईने पनीर काढी. चारआठ दिवसांत असे झाले, की पिशवीत हात गेला की वाघ्या खाण्याऐवजी मान वर करून चहूकडे शोधू लागला, ‘कोठे आहे तो?’ पनीर ही त्याच्यासाठी संकटाची घंटा झाली होती. (पावलॉव्ह घंटेपेक्षा मेट्रोनोम आणि तशी इतर साधने अधिक वापरत, पण घंटेची कीर्ती आता पुसणे शक्य नाही.) क्रम असा हवा: आधी कुत्रा दिसला पाहिजे, वाघ्याने तो पाहिला पाहिजे, आणि मग लगेच खाऊ. कुत्रा दिसेनासा झाला की खाऊ बंद. म्हणजे कुत्र्याचे दिसणे हीच आनंदाची नांदी होते.

तिसरी चूक घाईची. रोज अर्धा तास घासले तर लवकर साधेल असे मला वाटले. उलट पाच-सात मिनिटे, आठवड्यातून तीन-चार दिवस, एवढेच पुरते. भीती दिवसभर साचत जाते. सकाळी वरातीचा बँड, दुपारी सिलिंडरवाले मामा, आणि संध्याकाळी मैदान, असे झाले की सत्तर पावलेही जवळ वाटतात. असा दिवस सरळ सुट्टीचा धरावा.

आजोबांचा आक्षेप निराळा होता. ते म्हणाले, “अगं, भुंकणाऱ्याला कोंबडी चारतेस, मग तो भुंकणारच की!” हा प्रश्न सगळेच विचारतात. मी त्यांना म्हटले, “आजोबा, दात काढायला जाताना तुमचे हात थरथरतात. दवाखान्यात शिरताच कोणी तुमच्या हातावर पेढा ठेवला, तर पुढच्या वेळी पेढ्यासाठी तुम्ही मुद्दाम जास्त थरथराल का?” ते हसले, आणि म्हणाले, “दात उरलेत कुठे आता!” पण मुद्दा त्यांना पटला. भीती ही काही ठरवून केलेली कृती नव्हे, की बक्षिसाने ती वाढावी. खाण्याने तिचे कारणच हळूहळू बदलते.

नामदेव महाराज तुपाची वाटी घेऊन भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे धावले, ही कथा आपण लहानपणापासून ऐकतो. महाराजांच्या प्रेमाविषयी शंका नाही. पण भित्र्या कुत्र्यामागे, हातात तूप असले तरी, धावू नये. त्याला लाड करायला कोपऱ्यातून ओढून काढणे, ‘काही होत नाही रे’ म्हणत दुसऱ्या कुत्र्याजवळ नेणे, पाहुण्यांच्या हातून जबरदस्तीने बिस्कीट घ्यायला लावणे, हे सगळे त्याच जातीचे. बिस्कीट तो घेतो, कारण त्याला भूक असते; आणि घेतल्यावर माणूस नाकाशी आलेला दिसला की चावतो.

साधारण दीड महिन्याने एक गोष्ट घडली. मैदानावर त्या कुत्रीला पाहून वाघ्याने आपण होऊन मान वळवली आणि माझ्याकडे पाहिले. ‘दिसली ती, आण माझा खाऊ.’ ज्यांनी हे काम केले आहे त्यांना ठाऊक असेल, की या एका वळण्यासाठी किती पहाटे खर्ची पडतात. तेथून पुढे अंतर भराभर उतरले. पन्नास, चाळीस, पंचवीस. मग गणेश विसर्जनाच्या आदल्या दिवशी गल्लीतली तीन मोकाट कुत्री आमच्यावर चालून आली, आणि आम्ही परत साठ पावलांवर गेलो. मी घरी येऊन रडले. पीटरची गोष्ट वाचलेली नसती, तर मी त्याच दिवशी हात टेकले असते.

हे शिकवणे चालू असताना रोजचा व्यवहार थांबत नाही, आणि खरे सांगायचे तर अर्धे यश त्या व्यवहाराच्या बंदोबस्तात आहे. कुत्रा ज्या गोष्टीला भितो ती त्याला रोज दिसत राहिली, तर पहाटे सात मिनिटांत विणलेले दिवसभर उसवत राहते. आम्ही फाटकाच्या गजांना आतून पत्रा लावला, त्यामुळे रस्ता दिसेनासा झाला आणि भुंकणे निम्मे कमी झाले. फाटकाला लहान मुलांचा हात पोचणार नाही इतक्या उंचीवर दुसरी कडी बसवली. फिरायला जाण्याची वेळ पहाटेची आणि रात्री साडेदहानंतरची ठरवली. सिलिंडरवाले मामा यायचे असले, की वाघ्याला आधीच मागच्या खोलीत चघळायला हाड देऊन ठेवतो. मामा गेल्यावरच दार उघडते. गळ्याच्या पट्ट्याऐवजी छातीवर बसणारा पट्टा आणला, म्हणजे ओढ बसली तरी गळा आवळत नाही.

मुसक्याविषयी लोकांचा गैरसमज फार. मुसके म्हणजे शिक्षा असे वाटते. पण आमच्या दृष्टीने ते काकूंच्या नातवाला दिलेले वचन होते. मात्र तोंड घट्ट बांधणारी कापडी पट्टी लावू नये. कुत्रा आपल्यासारखा अंगभर घाम गाळत नाही. तोंड उघडून धापा टाकूनच तो शरीर थंड करतो. आपल्या उन्हाळ्यात तोंड बांधले तर त्याच्या जिवावर बेतेल. पिंजऱ्यासारखे, आत जीभ बाहेर काढता येईल आणि पाणी पिता येईल असे मुसके घ्यावे, आणि तेही एकदम चढवू नये. आम्ही पंधरा दिवस त्याच्या आत दही लावून वाघ्याला स्वतःच तोंड घालू दिले. आता मुसके काढले की तो शेपूट हलवीत येतो.

शेपटीवरून आठवले. हलणारी शेपूट म्हणजे आनंद, हे दर वेळी खरे नसते. ताठ उंच धरून जलद थरथरणारी शेपूट ही उत्तेजनाची खूण आहे, आणि ती चाव्याच्या आधीही दिसते. भीतीच्या खुणा त्याहून बारीक असतात. झोप आलेली नसताना जांभई, खाणे समोर नसताना ओठ चाटणे, मान फिरवून डोळ्याच्या कडेने पाहणे, तेव्हा दिसणारी बुबुळाभोवतीची पांढरी कोर, आणि एकाएकी निश्चल होणे. फोटोसाठी मुले कुत्र्याच्या गळ्यात हात टाकतात, त्या फोटोंतली कुत्री एकदा या नजरेने पाहावीत. आमच्या जुन्या अल्बममध्ये वाघ्याची पांढरी कोर पाच फोटोंत आहे.

पाहुण्यांसाठी आम्ही एकच नियम केला. वाघ्याकडे पाहू नका, त्याला बोलावू नका, डोक्यावरून हात फिरवायला वाकू नका. यावर लोक नाराज होतात. “मला कुत्री फार आवडतात, मला काही करत नाहीत,” असे म्हणणारे पाहुणे सर्वांत अवघड. त्यांना चहा ओसरीवर दिला जातो.

दोन गोष्टी मात्र घरच्या प्रयत्नांच्या बाहेरच्या आहेत. शांत कुत्रा अचानक चिडखोर झाला, तर आधी पशुवैद्यकाकडे जावे. कानातला पू, दाताचे दुखणे, सांध्याची कळ यांनी कुत्रा हात लावू देत नाही आणि आपण स्वभावाला दोष देतो. लस न दिलेल्या कुत्र्याच्या वागण्यात एकाएकी बदल झाला तर रेबीजचीही शंका धरावी आणि त्याला हात लावू नये. दुसरे, काही कुत्र्यांची भीती इतकी खोल असते, की सत्तर सोडा, दोनशे पावलांवरही ती खात नाहीत. अशांना पशुवैद्यक मनावरची औषधे देतात, माणसांना देतात त्याच वर्गातली. औषधाने कुत्रा शिकत नाही, शिकण्याइतका सावरतो. स्वतःच्या कपाटातली गोळी मात्र कदापि देऊ नये.

आमच्या सहा महिन्यांची मुदत कधी संपली ते कोणी बोलले नाही. वाघ्या ‘बरा’ झाला असे मी म्हणणार नाही. ओळखीच्या कुत्रीपासून तो आता बारा पावलांवर आरामात बसतो, अनोळखी कुत्र्याला तीस पावले लागतात. दिवाळीत तो आईच्या पलंगाखाली असतो. खिडक्या लावून, रेडिओ मोठ्याने लावून, तेथेच त्याचे जेवण देतो. गुरगुरणे त्याला पुन्हा येऊ लागले आहे. पहिल्यांदा तो गुरगुरला तेव्हा बाबांचा हात सवयीने वर्तमानपत्राकडे गेला होता, तो त्यांनी मागे घेतला.

गेल्या मे महिन्यात काकूंचा नातू पुन्हा आला. आता तो दहा वर्षांचा आहे. काकूंनी त्याला फाटकाबाहेर उभे केले, मी वाघ्याला मुसके घालून, दोरी हातात धरून पायरीवर बसले. मुलाने मी सांगितले होते तसे बाजूला पाहत कोंबडीचे तुकडे एकेक करून आत टाकले. मुसक्याच्या फटीतून वाघ्याने ते एकेक करून खाल्ले. चार वेळा असे झाल्यावर तो मुलापासून पाच-सहा हातांवर जाऊन बसला आणि तोंड उघडून धापा टाकू लागला. मुलगा म्हणाला, “ताई, हा हसतोय का?” मी म्हटले, “नाही रे, उकडतंय त्याला. आज एवढंच पुरे.” आणि कडी लागली आहे ना, ते पाहून मी वाघ्याला आत नेले.